व्यासांचा लेखनिक आणि पुण्याचे शास्त्री

महाभारताच्या लेखनासंबंधीची गणपतीची कथा आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणी घरातील वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. व्यासांनी मनात रचिलेला एवढा प्रचंड ग्रंथ उतरून कोण घेणार, असा प्रश्न पडला, तेव्हा ब्रह्मदेवाच्या सूचनेवरून गणपतीस पाचारण झाले. गणपतीने अट घातली की, आपली लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहू नये. मग व्यासांनी मधून मधून कूट श्लोक घालावे, त्यांच्या अर्थासाठी गणपतीने क्षणभर थांबावे, आणि तेवढ्या अवधीत व्यासांनी पुढचे अनेक श्लोक रचावे, अशा रीतीने तो ग्रंथ सिद्धीस गेला. ही कथा आपण कौतुकाने ऐकतो आणि सोडून देतो. परंतु काम सांगणारा व काम करणारा ह्यांच्या परस्परसंबंधाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले, तर तीत एक मोठी व्यवहाराची गोष्ट दडलेली आढळते.

व्यासांची अट ही लेखनिकास नेमून दिलेल्या कामाची मर्यादा होय. लिहिणाऱ्याने किती समजून घ्यावे व कोठे थांबावे हे त्यांनी आरंभीच ठरवून दिले. आणि ठरविणारा स्वतः समोर बसलेला असल्यामुळे शंका आलीच तर ती तेथल्या तेथे फेडून घेण्याची सोय होती. व्यास उठून गेल्यावर मात्र ही अट कोणाच्या भरवशावर चालावयाची? पुढे शतकानुशतके काश्मीरपासून केरळापर्यंत ज्या असंख्य लेखनिकांनी भारताच्या पोथ्या उतरल्या, त्यांत जाणते होते, श्रद्धाळू होते, आणि अर्थ समजून लिहिणारे तर पुष्कळच होते. नेमक्या ह्याच कारणाने त्यांच्या हातून ग्रंथ बदलला. एखादा शब्द जुना व दुर्बोध वाटला की त्याच्या जागी सोपा शब्द आला. एखाद्या चरणात अक्षर अधिक आढळले की ते गाळून छंद सारखा करण्यात आला. दोन स्वर संधीवाचून शेजारी दिसले की मध्ये एखादे पादपूरक अव्यय येऊन बसले. दुसऱ्या गावच्या पोथीत चार श्लोक अधिक आहेत असे कळले की, पुण्यकारक मजकुरास आपली पोथी मुकावी हे बरे नव्हे, अशा भावनेने ते प्रथम समासात आले, आणि पुढच्या नकलेत समासातून संहितेत शिरले. ह्यांत लबाडी कोणाचीच नव्हती. आपले काम नक्कल करण्याचे आहे की ग्रंथ सुधारण्याचे आहे, हे त्या बिचाऱ्यांस कोणी स्पष्ट सांगितलेले नव्हते, इतकेच.

विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ह्याच ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभिलेले ते काम १९६६ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, पुरे झाले. त्यासाठी १,२५९ पोथ्या तपासण्यात आल्या व १९ खंड प्रसिद्ध झाले. ह्या कार्यातील विद्वत्तेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, आणि ती यथार्थच आहे. पण विद्वान तर आपल्या देशात पूर्वीही होते. अनेक विद्वान एकत्र आले म्हणजे एक काम पुरे होतेच, असाही अनुभव नाही. उलट, जितके विद्वान तितक्या वाटा, हाच अनुभव अधिक. मग भिन्न प्रांतांची, भिन्न लिप्या जाणणारी, भिन्न तालमीत वाढलेली माणसे, मधल्या काळात प्रमुख दोनदा बदलले असताही, एकाच रेषेवर अर्धशतकभर कशी चालली? आमच्या मते ह्याचे उत्तर त्या कामाच्या आखणीत आहे; आणि कचेरीत, शाळेत, कारखान्यात किंवा एखाद्या मंडळात ज्यांना चार माणसांकडून काम करवून घ्यावयाचे असते, त्यांनी ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे.

अशा आवृत्तीची कल्पना प्रथम युरोपात निघाली. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेत मोरिट्झ विंटरनिट्झ यांनी तिची निकड मांडली. पुढे युरोपातील विद्वत्संस्थांच्या संघाने ते काम अंगावर घेतले, आणि १९०८ साली जर्मन पंडित हाइन्रिख ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या आरंभीच्या काही श्लोकांचा एक लहानसा नमुनाही छापून दाखविला. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले, राष्ट्राराष्ट्रांतील विद्वानांचे दळणवळण तुटले आणि तो संकल्प तेथेच राहिला. इकडे ६ जुलै १९१७ रोजी, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशी वर्षांच्या पूर्तीच्या दिवशी, पुण्यास त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. १९१८ साली औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ह्या आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते पाठभेदांच्या नोंदणीस प्रारंभ झाला. पैसा मिळाला, मुहूर्त झाला. आता खरा प्रश्न उभा राहिला. बसलेल्या माणसांनी उद्या सकाळी नेमके करावयाचे काय?

ह्या प्रश्नाची अडचण ध्यानात येण्यासाठी एकट्या आदिपर्वाचे उदाहरण घेऊ. त्याच्या ज्या २३५ पोथ्यांची माहिती हाती आली, त्यांतील १०७ देवनागरीत होत्या, ३२ बंगालीत, ३१ ग्रंथ लिपीत, २८ तेलुगूत, २६ मलयाळम लिपीत, ५ नेपाळीत व ३ शारदेत. आणि मैथिली, कानडी व नंदिनागरी ह्या लिप्यांत प्रत्येकी एक. इतक्या सगळ्या लिप्या एकट्याने सराईतपणे वाचणारा माणूस सापडणे दुर्मिळ. बरे, पोथ्यांतील भेद केवळ अक्षरांचे नव्हते. उत्तरेकडील परंपरेत भारताची पर्वे अठरा, तर दक्षिणेकडे चोवीस. शकुंतलेचे आख्यान आधी की ययातीचे, ह्यातही दोहोंत उलटापालट. अशा स्थितीत एखाद्या प्रमुखाने शास्त्रीमंडळीस जमवून, 'ह्या पोथ्या नीट पाहा आणि शुद्ध महाभारत तयार करा,' असे सांगितले असते, तर काय झाले असते? प्रत्येकाने आपापल्या परी नीटच पाहिले असते. तेलुगू पोथीवर वाढलेल्यास तेलुगू पाठ शुद्ध वाटला असता, बंगाल्यास बंगाली. व्याकरणपटूने आर्ष रूपे सुधारली असती. भाविकाने एकही स्तोत्र गळू दिले नसते. थोडक्यात, जुन्या लेखनिकांनी जे केले तेच नव्या लेखनिकांनी पगार घेऊन पुन्हा केले असते.

पुण्यास योजिलेली रीत अशी होती. उभ्या व आडव्या रेघांनी आखलेले, एकाच मापाचे ताव तयार करण्यात आले. एका तावावर एकच श्लोक. तावाच्या अगदी वरच्या ओळीत तो श्लोक प्रचलित पाठाप्रमाणे मांडावयाचा. हा प्रचलित पाठ म्हणजे मूळचे कोपरगावचे व पुढे काशीस स्थायिक झालेले सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांच्या टीकेबरोबर सर्वत्र छापला जाणारा पाठ होय. त्या ओळीखाली प्रत्येक पोथीस एकेक आडवी ओळ नेमून दिलेली. पोथीत जेथे भेद असेल तेथे, आणि तेवढाच, भेद त्या पोथीच्या ओळीत, वरच्या मूळ अक्षराच्या बरोबर खालच्या घरात, अक्षराखाली अक्षर येईल असा लिहावयाचा. तावाच्या उजव्या अंगास चार इंच रुंदीचा एक रकाना कोरा सोडलेला. पोथीत कोणी दुरुस्ती केली असेल, समासात भर घातली असेल, किंवा ह्या श्लोकाच्या आधी अथवा नंतर एखादा अधिक श्लोक असेल, तर त्याची नोंद त्या रकान्यात. अधिक मजकूर लांबलचक असेल तर तो निराळ्या कागदावर, ज्यास शोधपत्र म्हणत, लिहून त्या तावास जोडावयाचा. पोथ्यांचा क्रमही ठरलेला. ग्रंथाच्या प्रत्येक भागासाठी निदान दहा पोथ्या ताडून पाहावयाच्या, पुष्कळ ठिकाणी त्याहून कितीतरी अधिक. हे काम करण्यास उत्तरेकडील व दक्षिणेकडील लिप्या जाणणारे शास्त्री व विद्यापीठाचे पदवीधर मुद्दाम शिकवून तयार केलेले होते. पुण्याबाहेर शांतिनिकेतनास विश्वभारतीत व दक्षिणेत तंजावर येथेही नोंदणी झाली.

वाचकांनी ह्या तावाकडे क्षणभर नीट पाहावे. तो दिसावयास हिशेबाच्या वहीच्या पानासारखा साधा आहे. परंतु काम नेमून देण्याच्या कलेची सगळी अंगे त्यात आलेली आहेत. पहिली गोष्ट ही की, काम किती हे त्यात ठरलेले आहे. एक श्लोक, एक ताव. माणूस आजारी पडला, रजेवर गेला, सोडून गेला, तरी काम कोठपर्यंत आले ते सांगावयास त्याची गरज नाही. पुढचा कोरा ताव ते आपोआप सांगतो. दुसरी गोष्ट, ताडून कशाशी पाहावयाचे हे ठरलेले आहे. प्रचलित पाठ वर मांडला तो उत्तम म्हणून नव्हे, तर सर्वांच्या हाती एकच माप असावे म्हणून. तिसरी गोष्ट, झालेले काम दुसऱ्यास तपासता येते. तंजावरच्या शास्त्र्याने कोणते अक्षर कोठे भिन्न पाहिले हे पुण्याच्या माणसास घरावर बोट ठेवून पडताळता येते. त्यासाठी त्याच्या विद्वत्तेवर विश्वास किंवा अविश्वास ठेवण्याचे कारण पडत नाही.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ह्या तावात नोंदणी करणाऱ्यास काय करावयाचे नाही हेही सांगितलेले आहे, आणि ते शब्दांनी नव्हे, तर रेघांनी. घरात अक्षर मावते, मत मावत नाही. पोथीतील पाठ अशुद्ध वाटला तरी तो जसा आहे तसाच लिहावयाचा. कोणता पाठ ग्राह्य हे ठरविणे त्याचे काम नव्हे. व्यासांनी गणपतीस समजून लिही म्हणून सांगितले. पुण्याच्या तावाने शास्त्र्यास पाहून लिही म्हणून सांगितले. परंतु एवढ्यावरच भागले असते तर ती नुसती बंदी झाली असती. विचार करणाऱ्या माणसास विचार करू नको म्हणून सांगितले, तर तो विचार करावयाचा थांबत नाही. तो फक्त लपून करतो, आणि त्याचा परिणाम नको तेथे उमटतो. उजवीकडचा चार इंचांचा कोरा रकाना ह्यासाठी आहे. दुरुस्ती, भर, आगंतुक श्लोक, अशा ज्या ज्या गोष्टी घरांत बसत नाहीत, त्यांना तेथे हक्काची जागा आहे. ज्या कामात शंकेस जागा ठेवलेली नसते, त्या कामात शंका उत्तरातच मिसळून जाते, व पुढे ती वेगळी काढता येत नाही. जुन्या पोथ्यांचे हेच झाले होते. समास व संहिता ह्यांच्यामधील रेघ कोणीच राखली नाही.

अशी आखणी प्रथमच अचूक साधली असे मात्र कोणी समजू नये. आरंभी संपादनाची धुरा नारायण बापूजी उत्गीकर यांजकडे होती. त्यांनी संपूर्ण ग्रंथास हात घालण्यापूर्वी विराटपर्व हे एक आटोपशीर पर्व घेतले, व त्याची तात्पुरती आवृत्ती १९२३ साली काढून ती देशोदेशींच्या पंडितांकडे अभिप्रायार्थ पाठविली. आपण जे काम दहा माणसांस सांगणार ते आधी एका लहान तुकड्यावर करून पाहावे, आणि त्यातील दोष बाहेरच्यांकडून काढवून घ्यावे, हा त्यातील हेतू. मोठा संकल्प जाहीर केल्यावर अशी कच्ची प्रत लोकांपुढे ठेवण्यास धैर्य लागते. ते उत्गीकरांनी दाखविले. १९२५ च्या ऑगस्टमध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. त्याच महिन्यात भांडारकर निवर्तले. सुकथनकरांचे शिक्षण मोठे बोधप्रद आहे. केंब्रिजला त्यांनी गणिताचा अभ्यास केला आणि नंतर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्राचा. ज्या ल्यूडर्सनी १९०८ चा नमुना छापला, त्यांचाच शिष्य पुण्यास ते काम पुढे चालवू लागला. त्यांनी आदिपर्वापासून प्रारंभ केला. १९२७ साली पहिला भाग बाहेर पडला, व १९३३ साली, विस्तृत प्रस्तावनेसह, आदिपर्व पूर्ण झाले.

त्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी एक गोष्ट केली, जी काम सांगणारे पुष्कळ लोक करावयाचे विसरतात. आपण काय देणार हे जितक्या स्पष्टपणे सांगितले, तितक्याच स्पष्टपणे आपण काय देणार नाही हेही सांगितले. ही आवृत्ती म्हणजे व्यासांच्या मुखातून निघालेले मूळ भारत नव्हे, आणि सर्वांत सुंदर पाठ निवडून केलेला संग्रहही नव्हे. उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन मिळणारे ग्रंथाचे जुन्यात जुने रूप, एवढेच तिचे साध्य. ह्यावरून संपादकाचे नियम आपोआप निघाले. परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरा जेथे एकमुखाने बोलतात तो पाठ घ्यावा. दोन पाठांपैकी जो अवघड तो बहुधा जुना समजावा, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. एकाच परंपरेत आढळणारा अधिक मजकूर संहितेत न घेता तळटीपांत किंवा परिशिष्टात द्यावा. आणि जेथे संपादकाची स्वतःचीच खात्री पुरी पटलेली नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापावी. नोंदणी करणाऱ्यास जसा उजवीकडचा रकाना, तशी ही संपादकास नागमोडी रेघ. म्हणजे वरिष्ठासही शंका व्यक्त करण्याची जागा नेमून दिलेली होती. कनिष्ठांस नियम व वरिष्ठांस मोकळीक, असा येथे प्रकार नव्हता.

ह्या नियमांची सचोटी पाहावयाची असेल, तर आरंभी सांगितलेल्या गणपतीच्या कथेचे काय झाले ते पाहावे. सर्व परंपरांचा तिला आधार मिळेना. म्हणून आदिपर्वाच्या संहितेतून ती परिशिष्टात गेली. महाराष्ट्रातील संपादकास गणपतीची कथा बाजूस काढावी लागणे ही गोष्ट मनास सोपी गेली असेल असे वाटत नाही. परंतु आवडीनिवडीचा प्रश्नच नियमाने मिटविला होता. आणि कथा नष्ट झाली नाही, आपल्या जागी शब्दशः छापली गेली, हेही तितकेच खरे.

तथापि सर्वांनाच हे साध्य मान्य झाले असे नाही. पहिल्या भागावर लिहिताना फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचविले की, जुने रूप शोधण्याचा खटाटोप सोडून प्रचलित नीलकंठी पाठच छापावा व खाली पाठभेद द्यावे. सुकथनकरांनी प्रस्तावनेत त्यास सविस्तर उत्तर दिले. पुढच्या पिढीत मादलेन बियार्दो यांनी असा आक्षेप घेतला की, जो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितला गेला त्याचे एकच मूळ रूप शोधणे हीच कल्पना चुकीची. हे वाद गंभीर आहेत व त्यांचा निर्णय करणे आमचा अधिकार नव्हे. परंतु येथे एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. संपादकाचा निर्णय ज्यांस मान्य नाही, त्यांनाही आपला पक्ष मांडण्यासाठी त्याच आवृत्तीचा आश्रय करता येतो; कारण वर निर्णय आहे व खाली सर्व पुरावा आहे, आणि दोन्ही एकमेकांत कालविलेले नाहीत. तावाच्या घरात ज्या शास्त्र्याने आपले मत मिसळू दिले नाही, त्याच्या संयमाचे हे फळ आहे. पाहणे व ठरविणे ही कामे वेगळी नेमून दिली, म्हणजे ठरविण्यात चूक झाली तरी पाहिलेले वाया जात नाही.

आदिपर्व छापून झाल्यावर ह्या रीतीची एक अकल्पित परीक्षाही झाली. नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी सुकथनकरांस पाहावयास मिळाली. आवृत्ती सिद्ध होताना ती त्यांच्यापुढे नव्हती. तिच्याशी छापील संहिता ताडून पाहता, नंतरची भर म्हणून बाहेर काढलेला पुष्कळ मजकूर त्या पोथीतही नव्हता, आणि तर्काने स्वीकारलेल्या काही पाठांना तिचा दुजोरा मिळाला. परीक्षकाने उत्तरपत्रिका आधी लिहून घ्यावी आणि उत्तरांचे पुस्तक मागाहून उघडावे, तसा हा प्रसंग होता.

कामाची आखणी नीट झाली आहे की नाही ह्याची खरी कसोटी मात्र आखणारा निघून गेल्यावर लागते. सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी वारले. तोवर त्यांच्या हातचे आरण्यकपर्वही १९४२ साली पूर्ण झाले होते. परंतु ग्रंथाचा मोठा भाग अजून पुढेच होता. अशा वेळी व्यक्तिनिष्ठ संस्था कोलमडतात. येथे तसे घडले नाही. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी १९६१ पर्यंत व नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. निरनिराळी पर्वे निरनिराळ्या पंडितांनी संपादिली. लाहोरचे डॉ. रघुवीर यांनी विराटपर्व, ढाक्याचे डॉ. सुशीलकुमार डे यांनी उद्योगपर्व व द्रोणपर्व, अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी सभापर्व, डॉ. रामचंद्र नारायण दांडेकर यांनी शल्यपर्व व अनुशासनपर्व. ह्या गृहस्थांच्या आवडी, स्वभाव व गुरुपरंपरा सारख्या नव्हत्या. मध्यंतरी दुसरे महायुद्ध झाले, देशाची फाळणी झाली, लाहोर व ढाका सीमेपलीकडे गेले. तरी वाचकाने एका पर्वातून दुसऱ्या पर्वात जावे, तर त्याला घर बदलल्याचे जाणवते, गाव बदलल्याचे जाणवत नाही. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ग्रंथपूर्तीचा समारंभ झाला. पहिला ताव ज्यांच्या हातून भरला गेला त्या भांडारकरांस जाऊन तेव्हा ४१ वर्षे झाली होती.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही, की अशाने माणसाचे यंत्र होते. ज्या शास्त्र्याने आयुष्यभर भारत वाचले, त्याला घरात अक्षर भरावयास बसविणे हा त्याच्या विद्येचा अपमान नव्हे काय? आमचे उत्तर असे की, काम किती बारीक आहे ह्यावर अपमान अवलंबून नाही; ते कशासाठी आहे हे करणाऱ्यास ठाऊक आहे की नाही, ह्यावर आहे. ज्याला आपल्या एका चुकलेल्या घराने संपादकाचा निर्णय कसा फिरेल हे कळते, तो यंत्र राहत नाही. जुनी मलयाळम अगर शारदा लिपी वाचणे, झिजलेल्या ताडपत्रावरील अक्षर ओळखणे, मूळ हात कोणता व दुरुस्ती करणारा हात कोणता हे पारखणे, ही काही यंत्राची कामे नव्हेत. त्याची बुद्धी येथे कमी लागली नाही. फक्त ती ठरलेल्या ठिकाणी लागली. तरीसुद्धा आक्षेपातील एक अंश खराच राहतो. संपादकांची नावे खंडांच्या मुखपृष्ठावर आहेत, व त्या पर्वांबरोबर ती लोकांच्या स्मरणात राहिली. ताव भरणाऱ्या शास्त्र्यांचे ऋण प्रस्तावनांतून कृतज्ञतेने नोंदलेले असले, तरी प्रस्तावना वाचणारे वाचक थोडे. कामाची मर्यादा ठरविणाऱ्यावर श्रेयाची वाटणी करण्याचेही ऋण असते, आणि ते फेडणे मर्यादा ठरविण्याहून अवघड आहे.

दुसरा एक गैरसमजही दूर केला पाहिजे. रेघा आखल्या की विचार संपला, असे सुकथनकरांस कधीच वाटले नाही. अठरा वर्षे अक्षरे तोलणाऱ्या ह्याच पुरुषाने १९४२ साली मुंबईस महाभारताच्या अर्थावर व्याख्यानमाला सुरू केली. शेवटचे व्याख्यान होण्यापूर्वी मृत्यू आला; ती व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अर्थाचा विचार ज्यास एवढा उत्कटपणे करावयाचा होता, त्यानेच अक्षरांच्या घरांत अर्थ घुसू नये म्हणून एवढी खबरदारी घेतली. दोन्हींची जागा वेगळी आहे हे त्याने ओळखले होते.

आपल्याकडे काम सांगण्याची जी सर्वसाधारण रीत आहे, तिच्याशी हे ताडून पाहावे. 'हे जरा पाहून घ्या', 'तेवढे नीट करून टाका', 'तुम्हाला काय सांगावयाचे, तुम्ही जाणतेच आहात', ही आमच्या कचेऱ्यांतील व मंडळांतील नित्याची भाषा आहे. ऐकणाऱ्यास ती विश्वासाची वाटते, व सांगणाऱ्यास सौजन्याची. पुष्कळदा तीत विश्वासही नसतो व सौजन्यही नसते. सांगणाऱ्याने स्वतः विचार केलेला नसतो, एवढेच असते. विचाराचे ओझे खालच्यावर टाकावयाचे आणि फळ मनासारखे आले नाही की त्याच्या माथी दोष मारावयाचा, असा तो व्यवहार होतो. एक ताव आखण्यापूर्वी मात्र आखणाऱ्याला सगळे काम मनात एकदा करून पाहावे लागते: किती पोथ्या येतील, कोणते भेद निघतील, काय घरात बसेल, काय बसणार नाही, आणि न बसणाऱ्याचे काय करावयाचे. म्हणून स्पष्ट काम सांगणे हे हुकूम सोडण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे आहे. ते कष्ट वरच्याने घेतले, तरच खालच्याचे कष्ट सार्थकी लागतात.

भारताच्या जुन्या लेखनिकांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या श्रद्धेनेच हा ग्रंथ आमच्यापर्यंत आला. त्यांना कोणी एक आखलेला ताव आणि उजवीकडे चार इंचांची कोरी जागा दिली असती, तर त्यांनीही ती प्रामाणिकपणे भरली असती, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.